पहिली-दुसरीची लेकरं घेऊन रामन विज्ञान केंद्रात जायचं आहे, दिवस कसा आखावा?

झेडपी_बाई_हिंगणघाट

नमस्कार मंडळी. हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या द्विशिक्षकी शाळेची सहल संक्रांत झाल्यावर नागपूरला रामन विज्ञान केंद्रात न्यायचं ठरून राहिलं आहे. पट २६: पहिली ६, दुसरी ८, तिसरी ५, चौथी ७. शिवाय अंगणवाडीतली ५ लेकरं आपापल्या आयांसोबत येतील. मोठी माणसं म्हणजे आम्ही दोघं शिक्षक, त्या ५ आया, अंगणवाडीच्या मदतनीस ताई आणि शाळा व्यवस्थापन समितीतले दोघं. सगळे मिळून ४१.

विचारायचं ते असं. एवढ्या लहान लेकरांना तिथं किती वेळ ठेवावं? तारांगण दाखवावं की नाही? त्याच दिवशी अजब बंगला आणि महाराजबागेचं प्राणिसंग्रहालयही करा, असं गावातले म्हणतात, ते जमेल काय? आणि मुख्य म्हणजे, लेकरं नुसती बटणं दाबत पळत सुटतात आणि घरी आल्यावर काय पाहिलं विचारलं तर "लाइट लागला" एवढंच सांगतात. तसं होऊ नये म्हणून काय करावं? कापूस वेचणीचे दिवस आहेत, आयांची दिवसाची मजुरी बुडते. त्यामुळे दिवस सार्थकी लागावा असं फार वाटतं.

---

सहल_वही

ताई, आधी दुसऱ्या ठिकाणांचं. अजब बंगला त्या दिवशी काढून टाका. ते १८६३ पासूनचं संग्रहालय आहे, मोलाचं आहे, पण तिथं सगळं काचेआड. रामन केंद्रात आपण लेकरांना सांगतो "हात लाव", आणि दोन तासांनी दुसऱ्या इमारतीत "हात लावू नको". सहा वर्षांच्या लेकराला हा फरक कळत नाही. ते दोन्हीकडे बिचकतं. अजब बंगला चौथीला वेगळा दाखवा. महाराजबागेत चालणं फार आहे, दुपारनंतर अंगणवाडीची पोरं कडेवर घ्यावी लागतील. एक दिवस, एकच ठिकाण.

परवानगी आणि गाडी. केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी, पालकांची संमतिपत्रं, आणि आगार व्यवस्थापकांच्या नावे मुख्याध्यापकांचा अर्ज. एसटीची गाडी प्रासंगिक करारावर, म्हणजे त्या फेरीपुरती भाड्यानं, मिळते आणि शालेय सहलीला सवलत असते. करारात हिशेब गाडीच्या किलोमीटरवर असतो, डोक्यावर नाही. म्हणून ४१ माणसं एकाच गाडीत बसवा. जानेवारीत सगळ्या शाळा गाड्या मागतात, तेव्हा अर्ज महिनाभर आधी द्या. अर्जात "केंद्राच्या फाटकापर्यंत" असं स्पष्ट लिहा. गणेशपेठ बसस्थानक तिथून पायी जाण्यासारखं आहे, पण ३१ लेकरांची रांग घेऊन कॉटन मार्केटकडची रहदारी ओलांडायची नाही.

केंद्राला आठ दिवस आधी फोन करा. तीन गोष्टी विचारा: त्या दिवशी उघडं आहे ना, शाळेच्या लेटरहेडवरच्या पत्रावर गटाला सवलत किती, आणि तारांगणाचा मराठी खेळ किती वाजता. शक्यतो मंगळवार किंवा बुधवार धरा. रविवारी शहरातली कुटुंबं येतात आणि पाच वर्षांच्या लेकराचा नंबर लागत नाही.

वेळ. सकाळी सातला गाव सोडा. अंतर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास आहे, थांबा धरून दोन-सव्वादोन तास. फाटक उघडताना तुम्ही तिथं असलात तर पहिला तास जवळजवळ मोकळं दालन मिळतं, आणि लहान लेकरांसाठी तोच तास सोन्याचा. आत सलग दीड तासाच्या वर नेऊ नका. मग बाहेर येऊन डबा, अर्धा तास मोकळं खेळणं, आणि पुन्हा पाऊण तास. दुसऱ्या फेरीत नवं काही दाखवू नका. सकाळी जे आवडलं तिकडेच परत जाऊ द्या. लहान लेकरू एकच गोष्ट पाच-सहा वेळा करतं तेव्हा कुठं त्याच्या हाताला ती समजते, आणि सहलीत नेमकं हेच आपण होऊ देत नाही. पुढचं पाहायचं राहील म्हणून ओढून नेतो. तीनला गाडी सुटली की अंधार पडायच्या आत गावात.

गट. अंगणवाडीची पाच पोरं आईकडेच राहू द्या, त्या आयांवर दुसरं लेकरू सोपवू नका. उरलेली २६ पाच जणांत वाटा: तुम्ही दोघं, मदतनीस ताई आणि समितीचे दोघं. पाच-पाचचे चार गट, एक सहाचा. चौथीची सात आहेत, म्हणजे प्रत्येक गटात एक तरी मोठा दादा किंवा ताई येते. दोन सख्खी भावंडं एका गटात टाकू नका. धाकटं मग स्वतः हात लावत नाही, मोठ्याकडेच पाहत राहतं.

---

भिंग_आणि_आरसा

वरचं नियोजन पक्कं आहे. मी फक्त बटणांच्या प्रश्नावर लिहितो, कारण सहल वाया जाते ती तिथेच.

बटण दाबल्यावर बऱ्याच यंत्रांना सुरू व्हायला पाच-दहा सेकंद लागतात. लेकराला वाटतं काही झालंच नाही, म्हणून ते धडाधड दाबतं. काही यंत्रांत प्रत्येक दाबाला घड्याळ पुन्हा शून्यावर जातं, आणि मग खरंच काही होत नाही. सहलीच्या आधी आठवडाभर वर्गात एक खेळ घ्या: "दाबलं की हात पाठीमागे, वीसपर्यंत मोजायचं." परिपाठात रोज दोन मिनिटं पुरे. पहिलीचं मोजणंही होतं.

दुसरा नियम तिघांचा. एक करणार, एक पाहणार, एक सांगणार. सांगणाऱ्यानं फक्त दिसलं ते मोठ्यानं बोलायचं: "चेंडू वर गेला, गोल फिरून राहिला, पडला नाही." मग गटातल्या मोठ्या माणसानं टाळी वाजवली की जागा बदलायच्या. "लाइट लागला" याच्या पुढे लेकरू जातं ते या तिसऱ्या जागेमुळे. करताना त्याचं लक्ष हातात असतं, शब्द सुचत नाहीत.

अशा केंद्रांत सहसा असणारी काही उपकरणं आणि त्यांत लहानांची गडबड कुठं होते ते सांगतो.

कुजबुज तबकड्या. दोन मोठ्या खोलगट तबकड्या एकमेकींकडे तोंड करून लांब उभ्या असतात. तबकडीसमोर एका ठरावीक जागी कडी किंवा खूण असते, तो तिचा नाभी. तिथं बोललेलं तबकडीवर आपटून सरळ समांतर निघतं आणि समोरच्या तबकडीच्या नाभीपाशी पुन्हा एकवटतं. शंभरातली नव्वद लेकरं इथं एकच चूक करतात: मित्राकडे तोंड करून ओरडतात. तोंड स्वतःच्या तबकडीकडे हवं, पाठ मित्राकडे. ऐकणाऱ्याचाही कान त्या कडीपाशी हवा. पहिलीच्या लेकराची उंची सव्वा मीटरच्या आतच असते, कडी त्याच्या डोक्याच्या वर जाते. त्याला कडेवर उचला, पायाखाली दप्तर ठेवू नका, घसरतं. आणि "हॅलो हॅलो" नको. नेहमीच्या आवाजात एक आकडा सांगायला लावा, समोरच्यानं तितकी बोटं दाखवायची. सातला सात बोटं वर आली की दोघांनाही खात्री पटते. दालनात गोंगाट झाला की हे चालत नाही, म्हणून ते सर्वांत आधी घ्या.

वक्र आरसे. याची तयारी घरच्या पळीवर होते. पळीच्या फुगीर पाठीत तोंड सुलटं आणि लहान दिसतं, खोलगट बाजूला उलटं. प्रत्येकाला घरून एक चकचकीत पळी आणायला सांगा. तिथं मोठ्या खोलगट आरशासमोर लेकराला लांबून पाऊल पाऊल पुढे येऊ द्या. आधी उलटं दिसतं, मग एका टप्प्यावर सगळं विस्कटतं, आणि अगदी जवळ गेलं की सुलटं आणि मोठं. धावत आरशाला जाऊन चिकटलं की मधली मजा हुकते.

हवेच्या झोतावरचा चेंडू. चेंडू झोतात सोडायचा, फेकायचा नाही. तोंडावर हात ठेवून हवा अडवली की चेंडू पडणारच, आणि मोटारीलाही ते बरं नाही. झोत थोडा तिरपा करता येत असेल तर चौथीच्या पोरांना विचारा, किती तिरपा केला की चेंडू निसटतो.

सावली धरून ठेवणारी भिंत. भिंतीला जवळजवळ चिकटून उभं राहायचं, प्रकाश चमकेपर्यंत हलायचं नाही. दूर उभं राहिलं की सावलीची कड पुसट येते. एका गटाची सावली विरेपर्यंत दुसऱ्या गटाला थांबवा. नाहीतर सावलीवर सावली पडते आणि कोणालाच आपली ओळखू येत नाही.

सायकल मारून दिवे लावणं. सहा वर्षांच्या लेकराचे पाय पायडलला पुरत नाहीत. ते अर्धं उभं राहून मारायला जातं आणि नडगीला लागतं. पायडल चौथीच्यानं मारावं, लहानानं दिव्यांचे खटके लावावेत. एक दिवा, मग दोन, मग तीन. पायडल जड होत जातं ते मारणाऱ्यानं तोंडानं सांगायचं.

कप्पीची खुर्ची. खुर्चीत बसून दोरीनं स्वतःला वर ओढायचं. दोरी एकदम सोडायची नाही, हाताला चटका बसतो. खुर्चीत एका वेळी एकच.

आणि एक. केस उभे करणारी किंवा ठिणगीची स्थिर विजेची उपकरणं पावसाळ्यात मरगळतात, कारण दमट हवेत विद्युतभार टिकत नाही. जानेवारीत आपल्याकडची हवा कोरडी असते, तेव्हा ती जोरात चालतात. ती प्रात्यक्षिकं तिथल्या माणसाच्या देखरेखीखालीच करायची. ज्याला भीती वाटते त्याला पुढे ढकलू नका. लांबून पाहणंही शिकणंच आहे.

---

आशाताई_गाव_दवाखाना

खाणं आणि प्रकृतीचं लिहिते.

ज्या लेकराला गाडी लागते त्याला दुधाचा चहा किंवा नुसतं दूध देऊन बसवू नका. निघायच्या तासभर आधी अर्धी पोळी, नाहीतर मूठभर मुरमुरे. पुढच्या बाकावर, खिडकीजवळ बसवा, मागच्या चाकावरच्या आणि शेवटच्या बाकावर नाही. प्रत्येक बाकाला एक पिशवी आणि जुनं वर्तमानपत्र. उलटीची गोळी आपल्या मनानं देऊ नका, आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात वजन सांगून विचारून घ्या.

डब्यात दशमी, तिळाची किंवा जवसाची चटणी, गूळ-पोळी, मुरमुऱ्याचा चिवडा, आणि संत्री. खिचडी आणि ओले पोहे बंद डब्यात चार-पाच तासांनी आंबूस होतात, ते नको. पाच वर्षांच्या आतल्या लेकरांना अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे देऊ नका, चालत्या गाडीत तर मुळीच नाही. घशात अडकतात. चिवड्यातले दाणे आधीच काढून ठेवा.

पाणी प्रत्येकी अर्धा लिटर, वर गाडीत २० लिटरची एक कॅन. ओआरएसचं एक मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवायचं. अर्ध्या पेल्यात अर्धं पाकीट, असा अंदाज चालत नाही. खारट झालं की त्रास वाढतो.

तिथं प्रत्येक गोष्टीला शेकडो हात लागलेले असतात, म्हणून डब्याआधी साबणानं हात धुणं सक्तीचं. दोन साबण न्या, आणि प्रत्येक गटाला एक लहान टॉवेल. कोणाचे डोळे आलेले असतील तर ते लेकरू त्या दिवशी घरीच बरं. वाईट वाटतं, पण एकाचे दहाला होतात.

लघवीला तीन वेळा न्या: आत जायच्या आधी, डब्याच्या आधी, गाडीत बसायच्या आधी. लेकरू आपणहून सांगत नाही, नव्या जागी लाजतं. अंगणवाडीच्या प्रत्येक लेकराचा एक जादा कपड्यांचा जोड आईजवळ असू द्या.

---

सहल_वही

आशाताईंनी लिहिलं त्याला जोडून: हरवण्याचं. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला बॉलपेननं बाईंचा मोबाइल नंबर लिहा. स्केचपेन घामानं पुसतं. तोच नंबर चिठ्ठीवर खिशात. लेकराचं नाव बाहेरून दिसेल असं कपड्यावर लिहू नका. अनोळखी माणसानं नावानं हाक मारली की लेकरू त्याच्यामागे जातं. सगळ्यांना एका रंगाच्या टोप्या किंवा जुन्या साडीच्या पट्टीचे फेटे बांधा, गर्दीत लांबून दिसतात. पायात चप्पल नको, फरशीवर धावताना निसटते. मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट.

मोजणी चार वेळा: गाडीतून उतरल्यावर, फाटकातून आत गेल्यावर, तारांगणातून निघताना, गाडीत बसल्यावर. मोजायचं गटागटानं. प्रत्येकानं आपले पाच किंवा सहा सांगायचे आणि बाईंनी बेरीज करायची. एकट्यानं ३१ डोकी मोजली की हमखास चुकतं.

---

झेडपी_बाई_हिंगणघाट

खूप आभार. पळीचं उद्यापासूनच सुरू करते. पण तारांगणाचं राहिलं. अंगणवाडीच्या आया म्हणून राहिल्या की अंधारात लेकरं रडतील.

---

भिंग_आणि_आरसा

पहिली ते चौथीला दाखवा. अंगणवाडीच्या पाचांना नको. तारांगण त्याच आवारात आहे, १९९७ पासून. त्याचं तिकीट वेगळं आणि खेळांच्या वेळा ठरलेल्या असतात. म्हणून पोचल्याबरोबर आधी ते तिकीट काढा आणि बाकीचा दिवस त्याभोवती बसवा. खेळ डब्यानंतर लगेच नको, पोट भरलेलं लेकरू त्या आरामखुर्चीत पाच मिनिटांत झोपतं. डब्याच्या आधीचा खेळ उत्तम.

---

सहल_वही

मला थोडं वेगळं वाटतं. पहिलीच्या सहाही जणांना सरसकट आत नेऊ नका. अंधार एकदम होतो आणि घुमटावरचं आकाश फिरायला लागलं की काहींना आपणच पडतोय असं वाटतं. आधी शाळेत खोली अंधारी करून, पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून आत टॉर्च ठेवा आणि छतावर ठिपके पाडून पाहा. दोन मिनिटं ज्यांना मजा वाटली त्यांना न्या. जे बिचकले ते बाहेर आयांसोबत. आत भित्र्या लेकराला कडेच्या खुर्चीवर, दाराजवळ बसवा. डोळे मिटून घेतले की फिरणं थांबतं, हे आधी सांगून ठेवा. खेळ संपल्यावर दिवे पूर्ण लागेपर्यंत कोणी उठायचं नाही, मोजणी खुर्चीतच.

बाहेर राहिलेल्यांसाठी आवारात प्रागैतिहासिक प्राण्यांचं उद्यान आहे, मोठाल्या डायनासोरच्या प्रतिकृती. तीन-चार वर्षांच्या लेकराला थेट पायाशी नेऊ नका. लांबून दाखवा, त्याला स्वतः जवळ जाऊ द्या. "किती बैलगाड्या लांब?" असं विचारलं की पोरं आपोआप पावलं मोजायला लागतात.

---

भिंग_आणि_आरसा

ते भोकांच्या डब्याचं आणि टॉर्चचं चांगलं आहे, मान्य. पहिलीचं तसंच करा.

एक सांगायचं राहिलं. ज्यांच्या नावानं केंद्र आहे ते चंद्रशेखर वेंकट रामन १९१० मध्ये काही काळ नागपुरातच सरकारी अर्थखात्यात नोकरीला होते. चौथीच्या पोरांना हे जाण्याआधी सांगा. आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला सहलीतून आलेली एखादी वस्तू शाळेत मांडा. जानेवारीत जाताय, तेव्हा मधे महिना मिळतो.

---

झेडपी_बाई_हिंगणघाट

मांडायला काय घ्यावं? लेकरांच्या हातानं होईल आणि शंभर-दोनशे रुपयांत बसेल असं काही.

---

भिंग_आणि_आरसा

शोभादर्शक करा, गटाला एक, म्हणजे पाच. तालुक्याच्या काचवाल्याकडे आरशाच्या कापून उरलेल्या पट्ट्या असतात. १५ सेंटिमीटर लांब आणि ३ सेंटिमीटर रुंद अशा १५ पट्ट्या त्याच्याकडूनच कापून घ्या. तिन्ही पट्ट्यांची रुंदी तंतोतंत सारखी हवी. एक जरी दोन मिलिमीटरनं कमी पडली तर त्रिकोण वाकडा होतो आणि नक्षी जुळत नाही. धारदार कडा मोठ्या माणसानं ओल्या सहाणेवर घासून बोथट करायच्या, मग प्रत्येक कडेला चिकटपट्टी. तोवर लेकरांच्या हातात द्यायच्या नाहीत.

तीन पट्ट्या चकचकीत बाजू खाली करून कागदावर शेजारी शेजारी ठेवा, मधे एका जाड पुठ्ठ्याइतकी फट. पाठीवरून रुंद चिकटपट्टी मारा आणि घडी घाला. चकचकीत बाजू आत राहते आणि त्रिकोणी नळी होते. पाठीचा रंग खरवडला जाऊ देऊ नका, तिथं काळा डाग दिसतो. एका टोकाला पारदर्शक प्लॅस्टिक ताणून बसवा. त्यावर साधारण दोन सेंटिमीटर उंचीची पुठ्ठ्याची कड लावा, आत फुटक्या काकणांचे तुकडे टाका आणि तोंडावर बटरपेपर चिकटवा. तुकडे आठ-दहाच. जास्त भरले की ते फिरवताना हलत नाहीत आणि नक्षी बदलत नाही. दुसऱ्या टोकाला काळा कागद, मधे वाटाण्याएवढं भोक.

दुसरी वस्तू कागदी पेल्यांचा टेलिफोन. शिवायचा सुती दोरा, दहा मीटर. पेल्याच्या बुडाला सुईनं भोक, दोरा आत ओढून काडेपेटीच्या काडीला गाठ. दोरा ताठ हवा आणि मधे कुठं भिंतीला किंवा खांबाला टेकायला नको. टेकला की कंपन तिथंच अडतं, आवाज पुढे जात नाही. पहिलीची पोरं दोरा सैल सोडतात, म्हणून व्हरांड्यात दोन टोकांना खडूनं उभं राहायच्या खुणा करून ठेवा. कुजबुज तबकड्यांसारखाच इथंही आकडा सांगायचा आणि बोटं दाखवायची.

खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊतून करायच्या अशा शेकडो खेळण्यांची कृती चित्रांसह फुकट मिळते, मराठीतही.

---

झेडपी_बाई_हिंगणघाट

काचवाल्याला आजच फोन केला. पट्ट्या देतो म्हणाला, पण त्याच्याकडे आरसा दोन जाडीचा आहे, ३ आणि ५ मिलिमीटर. कोणता घेऊ?

---

भिंग_आणि_आरसा

३ चा. ५ चा जड पडतो, दुसरीच्या हातात नळी डोळ्याशी धरून ठेवता येत नाही, शिवाय जाडीमुळे कोपऱ्यात रुंद रेघ दिसते. पाचही नळ्यांना एकाच जाडीचा घ्या, मिसळू नका.